जुनी डिझेल फोर बाय फोर: बजेट कमी असताना कशी निवडायची, कशी तपासायची

जुनी फोर बाय फोर विकायला निघाली की मालक इंजिनाचा आवाज ऐकवतो, नवे टायर दाखवतो, म्युझिक सिस्टीम लावून दाखवतो. आपण जादा पैसे मोजणार असतो ते मात्र पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेसाठी, आणि तीच कुणी दाखवत नाही. कारण बहुतेक मालकांनी ती वर्षानुवर्षं लावलेलीच नसते. न वापरलेली फोर बाय फोर म्हणजे ‘जशीच्या तशी नवी’ असं सांगतात, पण खरं त्याच्या उलट आहे. लिव्हरचा सांधा गंजून बसतो, फोर बाय फोर लावणारी शिफ्ट मोटर अडकते, सील वाळून तडकतात.

म्हणून हा लेख नेहमीच्या क्रमानं जात नाही. आधी चेसिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मग पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), त्यानंतर इंजिन, शेवटी कागद. इंजिन तालुक्याच्या गावातला चांगला मेस्त्रीही उघडून बसवतो. सडलेल्या चेसिसला इलाज नाही, आणि फोर बाय फोरचे सुटे भाग मिळायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

आधी गरज, मग पैसा

शेतावर जायचा रस्ता खडकाळ, मुरमाड आणि कोरडा असेल तर तुम्हाला उंच गाडी हवी आहे, फोर बाय फोर नव्हे. साधी बोलेरो तिथे वर्षानुवर्षं चालते आणि निम्म्या कटकटीत चालते. पावसाळ्यात चिखलाचा चढ, नदीपात्रातली वाळू, सह्याद्रीतल्या वाडीपर्यंतची कच्ची वाट असं काही खरोखर असेल, तरच पुढे जा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत रोडचे टायर घातलेली फोर बाय फोरसुद्धा चारही चाकं गोल करून बसते. तिथे टायरला यंत्रणेइतकंच महत्त्व आहे.

बजेट पाच लाख असेल तर चार लाखांपर्यंतचीच गाडी बघा. उरलेला लाख गाडीवरच जाणार आहे: टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, शॉकअप, बुश, कदाचित क्लच, शिवाय विमा आणि नाव बदलण्याचा खर्च. सगळे पैसे गाडीतच घालून बसलेल्या माणसाची जीप पहिल्या दुरुस्तीला गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते आणि तिथेच राहते. ही गोष्ट मला फार कळकळीनं सांगावीशी वाटते.

कोणत्या गाड्या नजरेखालून घालाव्यात

२०१० मध्ये आलेली पहिली थार दोन इंजिनांत मिळते. सीआरडीई म्हणजे अडीच लिटरचं कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानं डिझेल फवारणारं) इंजिन, साधारण १०५ अश्वशक्तीचं. डीआय म्हणजे जुन्या पद्धतीचं, कमी ताकदीचं, पण अगदी साधं. हायवेवर जायचं असेल तर सीआरडीई. गाव, शेत आणि घाट एवढंच असेल तर डीआय स्वस्तात पडते आणि तिच्यात बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक जवळजवळ काही नाही. मात्र डीआय गाड्या बीएस-३ या धुराच्या जुन्या मानकाच्या आहेत. मुंबई-पुण्यात २०१० पासूनच नव्या गाडीला बीएस-४ लागायला लागलं, त्यामुळे या गाड्या ग्रामीण पासिंगच्या जास्त दिसतात. गाडी स्वस्त दिसली म्हणून हुरळून जाण्याआधी ती तुमच्या आरटीओत आणता येईल का, हे त्या कार्यालयात जाऊन विचारा.

थार नावाचीच टू व्हील ड्राइव्ह गाडीही रस्त्यावर आहे. जाहिरातीत ‘थार’ वाचून निघू नका. फोनवरच विचारा, ट्रान्सफर केसच्या छोट्या लिव्हरचा फोटो मागवा.

फोर्स गुरखा २०१३ मध्ये बाजारात आली. मर्सिडीजच्या जुन्या रचनेवरचं २.६ लिटरचं इंजिन, आणि फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना (वळताना चाकांना कमी-जास्त फिरू देणाऱ्या गिअरपेट्यांना) लॉक, म्हणजे दोन्हीकडची चाकं एकत्रच फिरतात. अवघड रस्त्यावर या पैशांत तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. मात्र ती जड आहे, धिमी आहे, आणि भागांसाठी थांबायची तयारी हवी. दोन्ही लॉक खरंच बसतात का, हे तपासल्याशिवाय त्यांचे पैसे मोजू नका.

घरच्यांना बसवून लांब जायचं असेल तर स्कॉर्पिओची फोर बाय फोर किंवा २०१२ ते २०१९ मधली सफारी स्टॉर्म. स्कॉर्पिओ नाशिकची, सफारी पुण्याची, त्यामुळे भाग आणि हात दोन्ही आपल्याकडे भरपूर. या दोन्हीत फोर बाय फोर फिरत्या बटणानं लागते, म्हणजे शिफ्ट मोटर आणि वायरिंग आलं. अडकण्याची पहिली जागा तीच.

डस्टरची एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी चालवायला सुरेख आहे, पण तिला लो रेंज (जास्त जोराचे संथ गिअर) नाही आणि बॉडी शिडीसारख्या चेसिसवर नाही. घाटातला ओला रस्ता आणि हलका चिखल एवढंच काम असेल तर तिच्याकडे बघा. जुनी एमएम ५४० किंवा ५५० हा वेगळा नाद आहे. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स, कधी अख्खी बॉडी बदललेली असते. आणि स्वस्तात दिसणारी जुनी फॉर्च्युनर किंवा पजेरो? घेताना परवडते, पुढे तिचा एक सुटा भाग महिन्याचं बजेट खातो. कमी पैशांत मी तिच्या वाटेला जाणार नाही.

बघायला जाताना

सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, इंजिन थंड होऊ द्या. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर रंगाचे दोष दिसत नाहीत, इंजिनावरचं ओघळलेलं ऑइलही दिसत नाही.

सोबत उजेडाची बॅटरी, फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक, मोठा स्क्रूड्रायव्हर, जॅक, चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे आणि अंगावर मळले तरी चालतील असे कपडे. ओळखीचा मेस्त्री आला तर उत्तमच, त्याचा दिवसाचा रोज आनंदानं द्या. पण तो गाडी दाखवणाऱ्या एजंटच्या ओळखीतला नको.

चेसिस

जमिनीवर आडवे व्हा. शिडीच्या चेसिसचे दोन लांब दांडे पुढून मागपर्यंत बॅटरीच्या उजेडात बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे सुटलेला चालत नाही. स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल (टोकाचे झुलते सांधे) जिथे बसतात ती जागा, बॉडीचे माउंट, इंधन टाकीच्या वरची बाजू आणि मागचा शेवटचा आडवा दांडा, या ठिकाणी चिखल साठतो आणि लोखंड आतून खातो. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. भक्कम लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे टोक दाबून बघा, आत शिरलं तर कपडे झटका आणि घरी जा.

खालून नुकताच काळाकुळकुळीत रंग मारलेला असेल तर संशय घ्या. बारा वर्षांच्या गाडीची पाठ कुणी उगाच रंगवत नाही. रंगाखाली वेल्डिंगचे ओबडधोबड पट्टे दिसतात का, बघा. दोन्ही दांडे डाव्या-उजव्या बाजूंना सारखे आहेत का, कुठे दुमड आहे का, हेही बघा. पुढच्या चाकांजवळ दुमड असेल तर समोरून धडक बसलेली आहे.

मालवण, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी ही तपासणी दुप्पट काटेकोर करा. बोटी ओढायला समुद्रात घातलेली जीप बाहेरून चकचकीत असली तरी ब्रेकचे लोखंडी पाइप आणि ॲक्सलच्या नळ्या सगळं सांगून जातात. देशावरच्या गाडीला गंज कमी, पण दगडखाणीवर किंवा वाळूवर राबलेली असेल तर तिच्या एअर फिल्टरच्या डब्यात बोट फिरवा. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला धूळ लागली, तर ती इंजिनात गेलेली आहे.

पुराचं पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड बुडालं तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वितीवर मातीची रेघ असते. सीटचे बोल्ट, पेडलचे वरचे सांधे, डॅशबोर्डच्या खालच्या पट्ट्या बघा. कार्पेट उचलून वास घ्या. फ्यूज बॉक्सच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर असेल तर वायरिंग पुढची पाच वर्षं छळणार.

फोर बाय फोर गाडी पाण्यातून नेलेली असते, त्यात गैर काही नाही. पाणी ॲक्सलच्या आत गेलं का, एवढंच शोधायचं. मालकाच्या परवानगीनं दोन्ही डिफरन्शियलचे आणि ट्रान्सफर केसचे फिलर प्लग उघडून बोट बुडवा. ऑइल काळपट असेल तर जुनं झालंय, बदलता येईल. दुधी, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, आणि बेअरिंग किती खाल्लीत ते उघडल्यावरच कळेल. बोटाला लोखंडाचा बारीक चुरा चांदीसारखा चमकला तर थोडा स्वाभाविक. कण हाताला टोचले तर गिअर तुटतोय.

फोर बाय फोर खरंच लागते का

डॅशवरचा दिवा लागला म्हणजे फोर बाय फोर लागली, असं नाही. दिवा फक्त लिव्हर किंवा मोटर हलल्याचं सांगतो.

थार, गुरखा, स्कॉर्पिओ, सफारी या गाड्यांत फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण गिअरवर येतो. त्यामुळे ही चाचणी कोरड्या डांबरावर कधीही घेऊ नका. घ्या म्हणून कुणी आग्रह धरला, तर त्यानं आजवर ही गाडी कशी वापरली असेल तेही ओळखा.

सपाट, घट्ट जमिनीवर गाडी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. पुढचं फक्त एक चाक जॅकवर उचला. टू एचमध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना असताना, ते चाक हातानं फिरवा, सहज फिरलं पाहिजे. आता फोर एच (नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर) लावा. लिव्हरच्या गाडीत दात जुळायला चाक थोडं मागेपुढे हलवावं लागेल. बटणाच्या गाडीत किल्ली चालू करून लावा आणि मग पुन्हा बंद करा. आता तेच चाक फिरता कामा नये. थोडा खुळखुळा असेल, पण पुढे अडलं पाहिजे. फिरतच राहिलं, तर ताकद वाटेत कुठेतरी तुटते आहे: ट्रान्सफर केस, शाफ्ट, ॲक्सल किंवा फ्री-व्हील हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारा-सोडणारा भाग). हातानं लावायचे हब असलेल्या जुन्या जीपला आधी ते लॉक करून घ्या. जॅकवरच्या गाडीखाली डोकं किंवा हात घालू नका.

मग मातीत जा. गाडी सरळ रेषेत हळू चालवत फोर एच लावा. पूर्ण थांबून, क्लच दाबून फोर एल (लो रेंजची फोर बाय फोर) लावा. एखाद्या छोट्या चढावर फोर एलमध्ये पहिल्या गिअरवर ॲक्सिलरेटर न देता चढू द्या, आणि तसंच, क्लच न दाबता, उतरू द्या. उतारावर लिव्हर आपोआप सुटून न्यूट्रलला आली तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार. फोर एलमध्ये गिअरचा घूं घूं आवाज थोडा असतोच. खरखर किंवा ठोके नकोत. पुन्हा टू एच लावल्यावर ती लगेच सुटते का, तेही बघा. अडकून राहिली तर काही मीटर मागे घ्या, सुटायला हवी.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. पुढून कटकट आवाज आला तर बाहेरचे जॉइंट गेलेत. गाडी हळू चालवत पाय सोडा-दाबा, खालून ‘टक्’ वाजलं तर शाफ्टचे क्रॉस बघा. ते तुलनेनं स्वस्त आहेत, पण भाव करताना कामी येतात.

टायर चारही एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. पुढे एक माप आणि मागे दुसरं घालून फोर बाय फोर वापरली असेल तर ट्रान्सफर केसनं मार खाल्लेला असणार. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी खोल असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी किमतीत धरत नाही.

इंजिन

पहिला स्टार्ट स्वतःच्या हातानं करा आणि कुणालातरी मागे उभं करा. थंड इंजिन दोन-तीन फेऱ्यांत लागलं पाहिजे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर मिनिटभरात निवळला तर ठीक. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतोय, हेडगॅस्केटचा प्रश्न आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर पाय दाबल्यावर जुन्या डीआयला थोडा येतोच. कॉमन रेलला सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बोचे पाइप किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तिथेच ठेवा. थोडी हवा येणारच. झाकण उडायला लागलं आणि भकाभका धूर आला तर रिंग-पिस्टन झिजलेत. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडायचं. आत तेलकट तवंग किंवा तपकिरी गाळ नको.

कॉमन रेल गाडी पसंत पडली तर व्यवहाराआधी एक खर्च जरूर करा: पंप-नोझलवाल्याकडे नेऊन इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या नळ्यांत धरतात. एका नळीत इतरांपेक्षा बरंच जास्त आलं, तर तो इंजेक्टर संपत आलाय. स्कॅनर लावून जुने एरर कोडही वाचून घ्या. नुकतेच पुसलेले कोड दहा-वीस किलोमीटर फिरल्यावर परत उगवतात, म्हणून स्कॅन ट्रायलनंतर.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास नको. पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हर सीटची कड, जुनी सर्व्हिस बिलं बघा. पन्नास हजार किलोमीटरच्या गाडीचं क्लच पेडल गुळगुळीत होत नाही.

ट्रायल किमान अर्धा तास, एखादा चढ धरून. काटा मधल्या खुणेच्या वर सरकत गेला तर गाडी तापते आहे. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंगपासून किंगपिन-बॉलजॉइंटपर्यंत काहीही असू शकतं. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की समजतं. बॉडीवर भरलेली लांबी (पुट्टी) लोहचुंबकानं शोधा. ती जाड भरली असेल तिथे चुंबक धरत नाही. दाराला एखादा पोचा निघाला तर मी गाडी सोडत नाही, पण छताच्या खांबांवर लांबी निघाली तर सोडतो.

कागद

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा. चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासा. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथेच थांबा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीत हवी.

परिवहनच्या संकेतस्थळावर मालकाचा क्रम, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी दिसतं, आणि महाट्रॅफिकवर थकलेली चलनं. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन महिनोन् महिने हिंडणाऱ्या एजंटपेक्षा मूळ मालक समोर बसलेला बरा.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिथल्या गाड्या भुरळ पडेल अशा किमतीत दिसतात. घेण्याआधी हिशेब मांडा: तिथली एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स, नवं पासिंग, आणि आपल्या आरटीओचं आधी घेतलेलं उत्तर. शिवाय कोणत्याही खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी, पर्यावरण कर आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण. चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झालं. चौदा वर्षांची जीप घेताना हा खर्च भावातून वळता करून घ्या.

उंच केलेलं सस्पेन्शन, फेंडरबाहेर आलेले टायर, भक्कम लोखंडी बंपर बघून भुलू नका. आरसीत नोंद नसलेले मूळ रचनेतले बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तपासणीला जाताना हे सगळं काढावं लागेल, म्हणून मूळ भाग मालकाकडे आहेत का, ते विचारा. मला तर अजिबात न सजवलेली, शेतकऱ्यानं किंवा डॉक्टरनं नीट वापरलेली गाडीच जास्त भरवशाची वाटते.

भाव आणि पहिला आठवडा

सापडलेले दोष कागदावर लिहा, समोर मेस्त्रीचा अंदाज लिहा, आणि तो कागद मालकाच्या पुढ्यात ठेवा. आवाज चढवायची गरज नाही. प्रामाणिक मालक त्यातलं निम्मं तरी मान्य करतो. बयाणा द्या तो थोडाच, आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि कागद द्यायची तारीख लिहून घ्या.

गाडी घरी आली की ट्रिपला निघायच्या आधी पाच ठिकाणचं ऑइल बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट नवं. शाफ्टच्या क्रॉसना आणि सगळ्या निपलना ग्रीस. ॲक्सलच्या ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर-आत होऊ देणाऱ्या) नळ्या मोकळ्या आहेत का ते बघा. त्या बुजल्या असतील तर गरम ॲक्सल पाण्यात उतरल्यावर सीलमधून पाणी आत ओढून घेतो. विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर एच लावून चालवा, थोडं अंतर फोर एलमध्ये, म्हणजे लिव्हर मोकळी राहते आणि पुढच्या ॲक्सलच्या वरच्या गिअरलाही ऑइल लागतं.